सातांची साखळी आणि घरची दिनदर्शिका

माजरी, भद्रावती, वरोरा या कोळसापट्ट्यातील कॅथलिक घराला एक दिनदर्शिका पुरत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका हवी. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केल्यापासून महाराष्ट्रातील असंख्य घरांना ही सवय जडली आहे, आणि तीत नाताळ, गुड फ्रायडे व ईस्टर यांनाही जागा मिळाली आहे. दुसरी दिनदर्शिका धर्मप्रांताची, जीत सणांबरोबर उपासनेचे काळ असतात. तिसरी, कागदावर असो की गृहिणीच्या डोक्यात, खाणीच्या पाळ्यांची. धनी आज पहिल्या पाळीला की रात्रपाळीला, यावर त्या घरातील चूल, मुलांचा अभ्यास आणि मिस्साबलिदान या सर्वांच्या वेळा अवलंबून असतात.

या तिन्हींचा मेळ घालून स्वतःच्या घराची अथवा धर्मग्रामाची वर्षाची दिनदर्शिका तयार करणे आता अवघड राहिलेले नाही. संगणकावरील स्प्रेडशीट या प्रकारच्या कार्यक्रमात बारा महिन्यांचे तक्ते एका सायंकाळी मांडता येतात. तयार नमुनेही मिळतात; वर्षाचा आकडा बदलला की सारे वार आपोआप सरकतात. मग या विषयावर लिहिण्याजोगे उरते काय, असे वाचक विचारतील. उरते ते असे की, त्या तक्त्यातील प्रत्येक आकड्यामागे ख्रिस्तसभेचा सतराशे वर्षांचा एक वाद, एक हिशोब व एक निर्णय उभा आहे, आणि तो ठाऊक नसला तर तयार नमुना आपल्याला खुशाल चुकीच्या दिवशी उपवासाला बसवितो.

हे केवळ भय घालण्यासाठी लिहिलेले नाही. माजरी जंक्शनवरून उत्तरेकडची गाडी धरली तर वर्ध्यावरून नागपूरला जाता येते, दक्षिणेकडची धरली तर चंद्रपूर व बल्लारपूर लागते. लोहमार्ग एकच, पण त्याच्या दोन टोकांना उपासनेच्या दोन रीती आहेत. नागपूरचा महाधर्मप्रांत लॅटिन रीतीचा. त्याच्याच क्षेत्रातून १९६२ साली चांद्याचे क्षेत्र वेगळे काढून सीरो-मलबार ख्रिस्तसभेकडे सोपविण्यात आले. केरळबाहेर त्या ख्रिस्तसभेला मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र. सी.एम.आय. संघाचे धर्मगुरू येथे आले आणि १९७७ साली चांद्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. माजरी याच धर्मप्रांतात मोडते.

आता २०२६ सालचे उदाहरण घेऊ. त्या वर्षीचा ईस्टर ५ एप्रिलचा, दोन्ही रीतींत एकच. लॅटिन रीतीने उपवासकाळ राखेच्या बुधवारी, म्हणजे १८ फेब्रुवारीस सुरू होतो. सीरो-मलबार रीतीत मात्र ‘पेथुर्ता’ हा रविवार १५ फेब्रुवारीचा आणि लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी १६ तारखेस, कपाळी राख लावून महाउपवासाला प्रारंभ होतो. बाजारातील दिनदर्शिकेत छापलेला असतो तो बहुधा बुधवार. तिच्यावर विसंबलेल्या माजरीच्या घरात सोमवारी मटण शिजते आणि मंगळवारी शेजारीण राखेबद्दल विचारते! चूक कोणाचीच नाही. दोन्ही हिशोब शुद्ध आहेत. लॅटिन गणनेत रविवार उपवासात धरीत नाहीत, म्हणून ईस्टरपूर्वीचे ४६ दिवस घेऊन त्यांतले ६ रविवार वजा केले की ४० उरतात. पूर्वेकडील परंपरेत पेथुर्ताचा रविवार आणि ईस्टर या दोहोंसह ५० दिवस मोजतात, म्हणून केरळात त्याला पन्नास दिवसांचा उपवास म्हणतात.

संगणक हे कसे मोजतो? स्प्रेडशीटचा जन्म १९७९ सालचा. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ‘व्हिसिकॅल्क’ नावाचा कार्यक्रम तयार केला. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या वर्गात फळ्यावर आकड्यांचे मोठे तक्ते मांडीत, आणि एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्या कंटाळ्यातून ही कल्पना निघाली. १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आले, १९८५ साली ‘एक्सेल’. हे कार्यक्रम तारखेला तारीख म्हणून ओळखतच नाहीत. १ जानेवारी १९०० या दिवसाला ते १ हा क्रमांक देतात आणि तेथून पुढे एकेक दिवस मोजीत राहतात. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे त्यांच्या लेखी १७३९४. ५ एप्रिल २०२६ म्हणजे ४६११७. आपल्याला दिसणारी तारीख हा त्या क्रमांकावर चढविलेला पोशाख असतो.

वार काढण्याची युक्ती त्याहून सोपी. क्रमांकाला सातने भागावे आणि बाकी पाहावी. बाकी १ असेल तर रविवार, २ असेल तर सोमवार, आणि काहीच उरले नाही तर शनिवार. ४६११७ ला सातने भागून पाहा, १ उरतो. १७३९४ ला भागा. ६ उरतात, आणि स्वातंत्र्याची पहिली सकाळ शुक्रवारची होती हे वडीलधाऱ्यांनी सांगितलेले खरे ठरते. वर्षाच्या दिनदर्शिकेचे सारे यंत्र या सातच्या बाकीवर चालते. वर्ष सात वारांपैकी कोणत्याही वारी सुरू होऊ शकते आणि ते साधे असेल किंवा लीप असेल. म्हणजे दिनदर्शिका एकूण चौदाच प्रकारच्या. २०१५ सालची जपून ठेवलेली दिनदर्शिका २०२६ साली भिंतीवर लावता येते, कारण दोन्ही वर्षे गुरुवारी सुरू होणारी व साधी आहेत. गंमत अशी की २०१५ सालचा ईस्टरही ५ एप्रिलचाच होता. हनुमान जयंती मात्र एका वर्षी ४ एप्रिलला, दुसऱ्या वर्षी २ एप्रिलला.

सातांची ही साखळी ख्रिस्तसभेने किती जिवापाड जपली आहे, याची कल्पना आपल्यापैकी थोड्यांना असते. रविवार हा विश्रांतीचा दिवस व्हावा असा हुकूम सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली काढला, त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती माणसे प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून तो पाळीतच होती. मग सोळाव्या शतकात मोठा प्रसंग आला. ज्यूलियस सीझरच्या काळापासून चालत आलेली वर्षगणना खऱ्या सौरवर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठी होती. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, परंतु साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो, आणि १५८२ सालापर्यंत वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता. ईस्टर वसंतसंपाताला बांधलेला. तो हळूहळू उन्हाळ्याकडे वाहत चालला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी आलोयसियस लिलियस या इटालियन वैद्याची योजना स्वीकारली, जेझुइट गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी तिचा पाठपुरावा केला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यातून दहा तारखा गाळण्यात आल्या. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला.

त्या रात्री स्पेनमध्ये अविलाची संत तेरेजा देवाघरी गेली. म्हणून ४ ऑक्टोबरच्या रात्री निधन पावलेल्या या संतिणीचा सण आपण १५ तारखेला साजरा करतो. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ४ ऑक्टोबर हा गुरुवार होता आणि त्यानंतरचा १५ ऑक्टोबर हा शुक्रवार. तारखा गळाल्या, वार एकही गळला नाही. सूर्याशी, ऋतूंशी, राजांच्या कारभाराशी तडजोड करताना ख्रिस्तसभेने तारखांची मोडतोड केली; सातांच्या साखळीला तिने हात लावला नाही.

फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा गोव्यात होते. ते १५७९ साली तेथे पोहोचले होते, आणि ज्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले त्या या मराठीप्रेमी जेझुइटाने आपल्या आयुष्याचा पूर्वार्ध जुन्या गणनेत व उत्तरार्ध नव्या गणनेत काढला. क्लाव्हियस यांचे शिष्य मात्तेओ रिची हेही १५७८ ते १५८२ या काळात भारतात होते. पुढे चीनमध्ये याच गणिताने त्यांच्या पंथबंधूंना बादशहाच्या पंचांगकचेरीचे दार उघडून दिले.

इंग्रजांनी मात्र पोपचे पंचांग म्हणून ते १७५२ पर्यंत नाकारले. त्यामुळे आपल्या इतिहासात एक घोळ शिरला, तो येथे सांगून टाकतो. वसई चिमाजीअप्पांच्या स्वाधीन करण्याचा तह पोर्तुगीज गणनेने १६ मे १७३९ चा. मुंबईच्या इंग्रजांच्या व त्यांच्यामागून जाणाऱ्या इतिहासलेखकांच्या गणनेने तोच दिवस ५ मे. वसईच्या आपल्या बांधवांनी दोन्ही तारखा वाचल्या असतील. दोन्ही खऱ्या आहेत. शिवाजी महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीखही जुन्या गणनेची आहे, नव्या गणनेने तो दिवस १ मार्च होतो. येथेही वार दोन्ही गणनांत एकच निघतो. वाराचे भांडण कोठेच नाही.

आपल्या मराठी मुलखात रविवारला एक दुसरीही किंमत मोजावी लागली आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे खटपट केली, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांच्या युक्तिवादात रविवार हा खंडोबाचा वार होता. आम्हांस हे वाचताना नेहमी समाधान वाटते, कारण एकच दिवस दोन वेगळ्या भक्तींनी मागितला आणि तो दोघांनाही मिळाला.

विसाव्या शतकात मात्र ही साखळी तुटता तुटता राहिली, आणि तोडण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्यांत आपला देश होता, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. एलिझाबेथ अ‍ॅकेलिस या अमेरिकन बाईंनी १९३० साली ‘जागतिक दिनदर्शिके’साठी एक संस्था काढली. त्यांची योजना मोहक होती. प्रत्येक तिमाही ९१ दिवसांची, प्रत्येक वर्ष रविवारी सुरू होणारे, म्हणजे एकच दिनदर्शिका कायमची. कोणालाही पुन्हा तक्ता मांडावा लागू नये. परंतु ९१ चौक ३६४. उरलेला एक दिवस डिसेंबरच्या शेवटी ‘जागतिक दिन’ म्हणून ठेवायचा आणि त्याला वारच द्यायचा नाही. लीप वर्षी जूनअखेर असा आणखी एक. भारत सरकारने १९५३ साली ही योजना संयुक्त राष्ट्रांपुढे नेली. त्याच सुमारास डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समिती देशातील निरनिराळ्या पंचांगांचा मेळ घालीत होती. तिच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ पासून आपले राष्ट्रीय पंचांग लागू झाले. जागतिक योजना मात्र १९५६ साली बाजूला ठेवली गेली.

ती संमत झाली असती तर काय झाले असते? पहिल्याच वर्षाच्या शेवटी वार नसलेला एक दिवस मध्ये येता, आणि सरकारी रविवार खऱ्या सातव्या दिवसापासून एका दिवसाने ढळला असता. पुढल्या वर्षी दोन दिवसांनी. यहुद्यांचा शब्बाथ, मुसलमानांचा शुक्रवार, आपला रविवार हे सगळे कामाच्या आठवड्यात भटकत राहिले असते. शाळकरी मुलाला मिस्सेसाठी कधी मंगळवारी, कधी गुरुवारी रजा मागावी लागली असती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरील संविधान प्रसिद्ध केले, त्याच्या शेवटी एक छोटेसे परिशिष्ट आहे. त्यात परिषद म्हणते की, इतर ख्रिस्ती बांधवांची संमती असेल तर ईस्टर एखाद्या ठरावीक रविवारी बांधून टाकण्यास आमची हरकत नाही. कायमच्या दिनदर्शिकेलाही नाही. मात्र सात दिवसांचा आठवडा रविवारसह अबाधित राहिला पाहिजे आणि आठवड्याबाहेरचा दिवस त्यात घुसडता कामा नये. इतक्या थोड्या शब्दांत इतकी ठाम भूमिका आम्ही परिषदेच्या इतर कागदपत्रांत क्वचितच पाहिली आहे.

एवढ्या जपणुकीनंतर ही साखळी तुटलेली सापडते ती संगणकात! ग्रेगरींच्या नियमाप्रमाणे शतकाचे वर्ष चारशेने भाग गेला तरच लीप असते. १६०० लीप, २००० लीप, १९०० नव्हे. ‘लोटस १-२-३’ रचणाऱ्यांनी केवळ चारने भाग जातो एवढे पाहून १९०० ला लीप वर्ष मानले आणि २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस ६० व्या क्रमांकावर बसविला. पुढे आलेल्या ‘एक्सेल’ला लोटसचे तक्ते जसेच्या तसे उघडता यायला हवे होते, म्हणून चूक माहीत असूनही ती कायम ठेवण्यात आली आणि आजतागायत आहे. १ मार्च १९०० पासून पुढचे सर्व वार बरोबर येतात. त्यापूर्वीचे ५९ दिवस एका वाराने चुकलेले आहेत. १ जानेवारी १९०० हा सोमवार होता, ‘एक्सेल’ त्याला रविवार म्हणते. ‘लिब्रऑफिस’च्या कार्यक्रमाने मोजणी ३० डिसेंबर १८९९ या शून्य दिवसापासून धरून हा पेच टाळला आहे.

चालू वर्षाच्या दिनदर्शिकेला याने बाध येत नाही. पण आता अनेक धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर उतरविण्याचे काम चालू आहे. ते करणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे की १९०० पूर्वीची तारीख ‘एक्सेल’ला तारीख म्हणून समजतच नाही, ती साध्या अक्षरांसारखी पडून राहते, आणि १९०० च्या पहिल्या दोन महिन्यांत नोंदवहीतला वार व यंत्राचा वार जुळला नाही, तर विश्वास जुन्या धर्मगुरूंच्या शाईवर ठेवावा. दिवस, महिना व वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत लिहिणे हा यावर सुरक्षित उपाय आहे.

आता ईस्टरकडे वळू, कारण वर्षाची अर्धी दिनदर्शिका त्या एका रविवारावर टांगलेली असते. ३२५ सालच्या नायसिया परिषदेने सर्व ख्रिस्ती जनांनी ईस्टर एकाच रविवारी साजरा करावा असे ठरविले. प्रत्यक्ष गणित आलेक्झांड्रियाच्या विद्वानांच्या परंपरेतून रूढ झाले: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. ही शेवटची मर्यादा १९४३ साली गाठली गेली होती, पुन्हा २०३८ साली गाठली जाईल.

आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांना याचा एक देशी पडताळा सहज देता येतो. ईस्टर हा बहुधा चैत्री पौर्णिमेनंतरचा, म्हणजे हनुमान जयंतीनंतरचा रविवार असतो; तो मार्चअखेरीस आला तर होळीनंतरचा. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला, ईस्टर ९ ला. २०२४ साली धुळवड २५ मार्चला, ईस्टर ३१ ला. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला, ईस्टर २० ला. त्या वर्षी नायसियाला सतराशे वर्षे झाली आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स बांधवांचा ईस्टरही योगायोगाने त्याच दिवशी आला. शेजारच्या मारुतीच्या देवळात प्रसाद वाटला जात असताना आपला पवित्र आठवडा चालू असतो, याचे कारण दोन्ही सण एकाच चंद्राकडे पाहतात हे आहे.

एकाच चंद्राकडे, पण एकाच डोळ्याने नव्हे. २०१९ साली वसंतसंपात आपल्या घड्याळाप्रमाणे २१ मार्चच्या पहाटे झाला आणि त्यानंतर चारएक तासांनी पौर्णिमा पूर्ण झाली. आकाशाकडे पाहून ठरविले असते तर ईस्टर २४ मार्चला आला असता. तो साजरा झाला २१ एप्रिलला. कारण ख्रिस्तसभेचा चंद्र आकाशातला नव्हे, तक्त्यातला आहे. १९ वर्षांनी चंद्रकला पुन्हा त्याच तारखांवर येतात या जुन्या अनुभवावर तो तक्ता उभा आहे, आणि त्यात ती पौर्णिमा २० मार्चची होती. एका दिवसाने हुकली. यात खेद वाटण्याचे कारण नाही. आकाशातली पौर्णिमा मुंबईत एका तारखेला आणि रोममध्ये दुसऱ्या तारखेला येऊ शकते. तक्ता सर्वांना एकच दिवस देतो, आणि नायसियाला हवे होते ते हेच. आपल्या पंचांगांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांचा अधिक महिना कधीकधी इतरांहून वेगळा येतो आणि मग त्यांचा गणपती महिनाभर वेगळा बसतो.

हा तक्ता सूत्रात बांधण्याचे काम जर्मन गणिती कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी १८०० साली केले. त्यांची आई निरक्षर होती. मुलाची जन्मतारीख तिला सांगता येत नसे. तिला एवढेच स्मरत होते की तो बुधवार होता आणि प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस होते. १७७७ सालचा ईस्टर ३० मार्चचा, स्वर्गारोहण ८ मेचे, म्हणजे जन्म ३० एप्रिलचा. विद्वत्तेचा हा प्रसंग असला तरी आम्हांस त्यात आपल्याच आज्यांचे बोलणे ऐकू येते: थोरला नाताळाच्या नोव्हेनात झाला, धाकटी झावळ्यांच्या रविवारी. तारीख विसरली जाते, सण विसरला जात नाही.

गाउस यांच्या पद्धतीचा गाभा घरच्या तक्त्यात असा उतरतो. १९०० ते २१९९ या काळापुरते बोलायचे तर, वर्षाला १९ ने भागून बाकी घ्यावी, तिला १९ ने गुणून २४ मिळवावे, आणि त्या बेरजेला ३० ने भागून उरेल तितके दिवस २१ मार्चच्या पुढे मोजावे. २०२६ ची १९ ने बाकी १२. १२ गुणिले १९ अधिक २४ म्हणजे २५२. त्याची ३० ने बाकी १२. २१ मार्चपुढे १२ दिवस म्हणजे २ एप्रिल. ही तक्त्यातली पौर्णिमा, आणि त्या वर्षीची हनुमान जयंतीही त्याच दिवशी, पवित्र गुरुवारी. पुढचा रविवार ५ एप्रिल. अपवाद दोन आहेत: बाकी २९ आली तर २८ धरावी, आणि २८ आली असता १९ ची बाकी दहाहून मोठी असेल तर २७ धरावी.

इतके लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी ‘एक्सेल’ची एकओळी सूत्रेही प्रचारात आहेत. त्यांतले एक प्रसिद्ध सूत्र वर्षाला ३८ ने भागते, आलेल्या उत्तराला वेळ समजून त्यातली मिनिटे काढते आणि त्यांतून ईस्टर उभा करते! चातुर्य कौतुकास्पद आहे आणि २०७८ पर्यंत उत्तरे बरोबर येतात. २०७९ साली ते १६ एप्रिल देते. खरा ईस्टर २३ एप्रिलचा आहे. कारण पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी तक्त्यातली पौर्णिमा १६ एप्रिलला, खुद्द रविवारी येते, आणि नियम म्हणतो पौर्णिमेनंतरचा रविवार. आज बाप्तिस्मा घेणारी बालके तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असतील. त्यांच्या हाती कोणते यंत्र असेल कोणास ठाऊक, पण असली सूत्रे यंत्राहून अधिक टिकतात, हे २९ फेब्रुवारी १९०० ने दाखवून दिलेच आहे.

ईस्टरचा क्रमांक एका सेलमध्ये आला की बाकीचे केवळ वजाबाकी-बेरजेचे काम. पेथुर्ता रविवारासाठी ४९ वजा करावे, चांदा धर्मप्रांताच्या राखेच्या सोमवारासाठी ४८, लॅटिन राखेच्या बुधवारासाठी ४६. स्वर्गारोहणासाठी ३९ मिळवावे, पेन्टेकॉस्टसाठी ४९. येथेही नमुना उचलताना सावध असावे. भारतातील लॅटिन धर्मप्रांतांत प्रकटीकरणाचा व स्वर्गारोहणाचा सण रविवारी नेलेला आहे. सीरो-मलबार रीतीत प्रभूचे प्रकटीकरण, म्हणजे ‘दनहा’, ६ जानेवारीलाच असते. संत थॉमसचा ३ जुलै हा आपल्या धर्मप्रांताचा मोठा दिवस, त्याला ‘दुक्राना’ म्हणतात. लॅटिन दिनदर्शिकेत हा सण पूर्वी २१ डिसेंबरला होता, १९६९ सालच्या सुधारणेत तो ३ जुलैला आला; नागपूरकडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकांत अजून डिसेंबरच सापडेल.

खरी कसोटी लागते ती उपासनेच्या काळांची नावे लिहिताना. सीरो-मलबार वर्ष नाताळापूर्वीच्या सुवार्ताकाळाने उघडते. मग दनहाकाळ, महाउपवास, पुनरुत्थान, प्रेषितकाळ, कैत्ता म्हणजे उन्हाळ्याचा काळ, एलिया-क्रूस-मोशे यांचे काळ, आणि शेवटी ख्रिस्तमंदिर-समर्पणाचा काळ. एक खुंटी नाताळाची, ती हलत नाही. दुसरी ईस्टरची, ती दरवर्षी हलते. ईस्टर लवकर आला तर दनहाचे रविवार आखडतात आणि वर्षाच्या उत्तरार्धात मोशेकाळाचे रविवार वाढतात. उशिरा आला तर उलट. शिवाय क्रूसाच्या गौरवाचा १४ सप्टेंबर मध्ये ठाम उभा असतो. ही ताणाताण सूत्रावर सोपवू नये असे आमचे मत आहे. धर्मप्रांताची छापील दिनदर्शिका समोर ठेवून हे रविवार हाताने भरावे, आणि सूत्राने काढलेला ईस्टर तिच्याशी ताडून पाहावा.

शेवटचा रकाना पाळ्यांचा. १९५२ च्या खाण कायद्याने आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेण्यास मनाई केली होती, पण सातवा दिवस रविवारच असावा असे त्यात म्हटलेले नव्हते. पाळी दर आठवड्याला बदलत तीन आठवड्यांनी फिरून येत असेल, तर सातच्या जागी एकवीसने भागावे. पहिली पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्याचा क्रमांक प्रत्येक दिवसाच्या क्रमांकातून वजा करावा आणि एकवीसची बाकी पाहावी: ० ते ६ पहिली पाळी, ७ ते १३ दुसरी, १४ ते २० रात्रपाळी. ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या आणि २४ डिसेंबरच्या ओळी रंगवून ठेवाव्या. त्यांच्यासमोर रात्रपाळी उमटली, तर कोणाशी पाळी बदलून घ्यायची हे जानेवारीतच ठरविता येते, आणि जागरणाच्या मिस्सेला घरचे सगळे एका बाकावर बसतात.